वाचकांचे प्रश्न : सू वूला निष्ठेचे काय फळ मिळाले?

प्रश्न : चीनचा एकनिष्ठ दरबारी सू वू कैदेतून परतल्यावर त्याला काय मिळाले? (एक वाचक, पंचवटी, नाशिक)

उत्तर : इ. स. पू. १०० मध्ये हान घराण्याच्या सम्राट वूने सू वूला शंभरावर माणसांसह श्योंगनूंकडे (चीनच्या उत्तरेकडचे भटके लोक) वकील म्हणजे दूत म्हणून पाठवले. त्याचा उपवकील तिथल्या एका कटात सापडला आणि सगळेच अडकले. सू वू शरण जाईना, तेव्हा त्याला उत्तरेकडच्या सरोवराकाठी (बहुधा बैकल) एडके (नर मेंढ्या) राखायला धाडले. एडक्यांनी दूध दिले तरच सुटका! वकिलातीच्या खुणेचा दंड (काठी) त्याने कधी हातातून सोडला नाही. दंडाचे गोंडे मात्र झडून गेले. १९ वर्षांनी, इ. स. पू. ८१ मध्ये तो परतला, सोबत जेमतेम नऊ जण.

त्याला शरण आलेल्या परकीय टोळ्यांचा कारभार, २० लाख नाणी, दोन छिंग (जमिनीचे माप) शेत आणि एक घर मिळाले. दर्जा 'मध्य दोन हजार शी'. शी हे धान्याचे माप; तिथे हुद्दा त्यानेच ठरे. १९ वर्षांच्या मानाने हे थोडेच, असे आमचे ठाम मत.

पुढच्याच वर्षी घात झाला. मुलगा युआन बंडाच्या कटात सापडून मारला गेला. सू वूच्याही अटकेची मागणी झाली, पण दरबाराची सूत्रे हाती असलेल्या हुओ ग्वांगने तो कागद दाबून ठेवला. नोकरी मात्र गेली. पुढे गादीवर आलेल्या सम्राट श्वानने त्याला पुन्हा मानाने घेतले, ३०० घरांचा महसूल दिला. मिळालेली बक्षिसे तो भाऊबंदांत वाटून टाकी. इ. स. पू. ६० मध्ये, ऐंशी ओलांडून, तो वारला.