जेफर्सनची वाइन : दारू, मद्य की द्राक्षासव?

एका वाचकाचा प्रश्न आहे. पुढे अमेरिकेचे तिसरे राष्ट्राध्यक्ष झालेले थॉमस जेफर्सन यांनी १७८७ साली फ्रान्समधील द्राक्षांच्या प्रदेशांतून केलेल्या प्रवासावर ते मराठीत लेख लिहीत आहेत. त्यात पानोपानी ‘वाइन’ येते. तिच्यासाठी ‘दारू’, ‘मद्य’, ‘द्राक्षासव’ आणि ‘द्राक्षारस’ यांपैकी कोणता शब्द घ्यावा, असे ते विचारतात. माझ्या मते ‘वाइन’ हाच शब्द ठेवावा. परका शब्द सोयीचा वाटतो म्हणून मी हे म्हणत नाही. बाकीच्या चारही शब्दांनी जेफर्सन यांच्या म्हणण्याचा अर्थ कुठे ना कुठे बिघडतो, हे त्याचे कारण आहे.

याची कसोटी त्यांच्याच एका पत्रात सापडते. वाइनवरील आयातकर कमी व्हावा या मताच्या जेफर्सन यांनी डिसेंबर १८१८ मधील पत्रात लिहिले, त्याचा आशय असा : ज्या राष्ट्रात वाइन स्वस्त असते तिथले लोक दारूबाज नसतात, आणि वाइन महाग असल्यामुळे जिथे रोजच्या पेयाची जागा भट्टीत गाळलेले जहाल मद्य घेते तिथले लोक शुद्धीत नसतात. आता या वाक्यात वाइनच्या जागी ‘दारू’ घालून पाहा. ‘जिथे दारू स्वस्त तिथे लोक दारूबाज नसतात’ हे विधान निरर्थक होते. ‘मद्य’ घातले तरी तेच होते, कारण ‘मद्’ या धातूपासून आलेला तो शब्द मद आणणाऱ्या सगळ्याच पेयांना सामावून घेतो आणि जेफर्सन यांनी ज्या दोन पेयांत फरक केला ती दोन्ही त्याच्या पोटात जातात.

हा फरक आंबवलेल्या आणि गाळलेल्या पेयांमधला आहे, आणि तो मराठी माणसाला मुळीच अपरिचित नाही. कोकणात माडाच्या रसापासून झालेल्या पेयाला ‘माडी’ म्हणतात. तिला कोणी सरसकट ‘दारू’ म्हणत नाही. गोव्यात माडाची ‘सूर’ वेगळी आणि ती गाळून केलेली ‘फेणी’ वेगळी. ‘दारू’ म्हटले की आपल्यासमोर भट्टी उभी राहते. खुद्द हा शब्द फारसी असून मुळात त्याचा अर्थ औषध असा आहे. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अजून जिवंत आहे, आणि ‘दारूगोळा’ व ‘शोभेची दारू’ यांत तो स्फोटक चूर्णाकडे वळला आहे. इतक्या वाटा चाललेल्या शब्दावर आणखी एक अर्थ लादू नये. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाइन विकू देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा ‘वाइन म्हणजे दारू की नव्हे’ हा वाद महाराष्ट्रभर झाला. त्यात कोणाची बाजू बरोबर होती हा प्रश्न वेगळा, परंतु तो वाद मराठीत मांडता आला तो हे दोन शब्द आपल्याकडे वेगळे आहेत म्हणूनच.

‘द्राक्षासव’ हा शब्द रचनेने निर्दोष आहे, कारण आसव म्हणजे आंबवून केलेले पेय. मात्र हे नाव आयुर्वेदातील एका औषधाने आधीच घेतलेले आहे आणि ते औषधांच्या दुकानात बाटलीवर छापलेले मिळते. ‘द्राक्षारस’ मराठी बायबलमध्ये रूढ आहे आणि तिथे तो शोभतोही, पण आजच्या इतर गद्यात त्याचा अर्थ द्राक्षांचा ताजा रस असाच लागतो.

संस्कृतात द्राक्षांच्या मद्याला स्वतंत्र नाव होते. ‘मृद्वीकारसो मधु’, म्हणजे द्राक्षांचा रस तो मधु, असे कौटिल्याचे अर्थशास्त्र सांगते, आणि लगेच पुढे त्या मधूची कापिशायन व हारहूरक ही नावे त्याच्या देशावरून पडल्याचे नोंदवते. कापिशी हा आजच्या अफगाणिस्तानातला प्रदेश. मद्याला मातीचे नाव देण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते, कारण जेफर्सन यांनी फ्रान्समध्ये नेमकी तीच पाहिली. मनगटाच्या दुखापतीवर एक्स-आँ-प्रोव्हाँस येथील गरम झऱ्यांचा उपचार करण्यासाठी ते २८ फेब्रुवारी १७८७ रोजी पॅरिसहून निघाले आणि बर्गंडी, ऱ्होनचे खोरे, पुढे आल्प्स ओलांडून उत्तर इटली, मग लांगदोक व बोर्दो असे करीत जूनमध्ये परतले. बोर्दोत त्यांनी पहिल्या प्रतीच्या म्हणून चार द्राक्षबागांची नावे टिपली : मार्गो, ला तूर, ओ-ब्रियाँ आणि लाफित. १८५५ साली तेथे अधिकृत प्रतवारी झाली, तेव्हा पहिल्या श्रेणीत हीच चार आली. अशी नावे भाषांतरित करू नयेत, उच्चाराप्रमाणे लिहावीत. ‘ला तूर’ मात्र सोडवूनच लिहावे, कारण जोडून लिहिल्यास वाचकाला आपला लातूर जिल्हा आठवेल.

वाइनचे लिंग स्त्रीलिंगीच ठेवावे. ‘दारू’ आणि ‘मदिरा’ यांच्या सोबतीने ते रुळले आहे. द्राक्षांच्या शेतासाठी बायबलच्या मराठीतला ‘द्राक्षमळा’ चुकीचा नाही, तरी नाशिक-सांगलीचे शेतकरी ‘द्राक्षबाग’ म्हणतात, बागेची छाटणी करतात आणि स्वतःला बागायतदार म्हणवतात. जेफर्सन शेतकऱ्यांच्या झोपडीत शिरून त्यांच्या हंड्यात काय शिजते ते पाहण्याचा सल्ला देणारे गृहस्थ होते. त्यांच्या प्रवासाला शेतकऱ्यांच्या तोंडचाच शब्द अधिक साजेल.

बर्गंडीतली जेफर्सन यांची एक नोंद प्रश्न विचारणाऱ्या वाचकाच्या लेखात येणारच, म्हणून तिच्याविषयी थोडे लिहितो. पोमार आणि व्होलने येथील मजूर गव्हाचा चांगला पाव खाताना त्यांना दिसले, तर जवळच्याच मरसो गावात हलक्या धान्याचा. कारण विचारल्यावर कळले की मरसोची जमीन फार खडकाळ असल्याने तिथे फक्त पांढरी वाइन होते, ती लाल वाइनपेक्षा अधिक वेळा बिघडते आणि विक्रीविना पडून राहते, त्यामुळे तिथला शेतकरी मजुरांना तितके चांगले खाऊ घालू शकत नाही. ते हलके धान्य म्हणजे ‘राय’. त्याचे ‘राई’ करू नये, नाहीतर मराठी वाचक मोहरी समजेल. ‘राय नावाच्या धान्याचा काळसर पाव’ असे पहिल्यांदा उलगडून लिहावे आणि पुढे नुसते ‘राय’ वापरावे.