भाड्याचं घर, निम्मं वर्ष परदेशात: सोलापुरात रुळायला काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरी जर्मनीत, पण वर्षातले चार-पाच महिने सोलापुरात राहायचं ठरवलंय. आई-वडील आता नाहीत, शुक्रवार पेठेतलं जुनं घर वाटणीत गेलं, म्हणून जुळे सोलापूर या उपनगरात फ्लॅट भाड्यानं घेतला. दोन महिने झाले तरी लॉजवर उतरल्यासारखं वाटतंय आणि पुढच्या महिन्यात परत निघायचंय. सात महिने रिकाम्या घराचं भाडं भरत राहू का, आणि या घरात रुळायला काय करू?

भाडं भरा, घर सोडू नका. हे मी सहा वर्षांच्या अनुभवावरून सांगते. आमचा मुलगा स्टुटगार्टला असतो. जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना चालणाऱ्या शेंगेनच्या व्हिसावर कुठल्याही 180 दिवसांत 90 दिवसांपेक्षा जास्त राहता येत नाही, त्यामुळे तीन महिने तिकडे आणि निदान तीन महिने इकडे, असं आमचं वर्ष व्हिसानंच वाटून दिलंय. आमचंही स्वतःचं घर आता नाही, जुळे सोलापुरातच भाड्यानं राहतो. तुमच्यापेक्षा आमचं इकडचं राहणं जास्त, पण बंद घराचे प्रश्न तेच.

पहिल्या वर्षी आम्ही घर अगदी चोख बंद करून गेलो. खिडक्यांना कड्या, मेन स्विच बंद, पाण्याचे सगळे कॉक बंद, दोन्ही किल्ल्या आमच्याच पर्समध्ये. परतलो ते मे महिन्यात. मुंबईहून सिद्धेश्वर एक्सप्रेसनं सकाळी उतरलो, रिक्षा केली, दार उघडलं आणि मी उंबऱ्यातूनच मागे सरले. गटाराचा वास घरभर. मोरीत झुरळं. वर गच्चीवरच्या टाकीत तळाला हिरवट चिखल, नळ उघडला तर नुसती हवा. इन्व्हर्टरची बॅटरी पूर्ण उतरलेली. माझं सिम बंद पडलेलं, त्यामुळे जारवाल्याला पैसे पाठवायला गेले तर तेही होईना. बाहेर बेचाळीस अंश ऊन. हे पायरीवर बसून राहिले आणि मी बॅगेतल्या बाटलीतलं उरलेलं पाणी त्यांना दिलं.

समोरच्या फ्लॅटमध्ये एक अक्का राहतात. घरात तेलुगू बोलतात, आमच्याशी मराठी. त्यांनी दार उघडून आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो बाई, निघायच्या आधी एक फोन करायचा की ओ! काल रात्रीच पाणी सुटलं होतं. तुमची टाकी भरून ठेवली असती." माझ्याकडे त्यांचा नंबरच नव्हता. सात महिने समोरासमोर राहून मी तो घेतला नव्हता. तुम्ही दोन महिने लॉजवर राहिल्यासारखं म्हणताय ना, मला वाटतं ते यातच आहे. आधी हा नंबर घ्या.

सोलापुरात शेजार पाण्यावरून जमतो. उजनी धरणाची एवढी लांब जलवाहिनी, भीमा नदीवरचं टाकळीचं पाणी, हिप्परग्याचा तलाव, सगळं असूनही नळाला पाणी काही दिवसांआडच येतं, आणि कधी मध्यरात्री, कधी पहाटे. तुम्ही इथलेच, तुम्हाला हे सांगायला नको. पण लहानपणी पाणी भरायची काळजी आईची होती, आता ती तुमची आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये सहा फ्लॅट, खाली एक हौद, गच्चीवर प्रत्येकाची वेगळी टाकी आणि प्रत्येकीला वेगळा कॉक. पाणी सुटलं की मोटर लावायची आणि आळीपाळीनं कॉक फिरवायचे. त्या मे महिन्यानंतर मी अक्कांशी सरळ बोलले: आम्ही नसताना आमच्या वाट्याचं पाणी तुम्ही घ्या, मेंटेनन्स आम्ही पूर्ण देऊ, फक्त आम्ही यायच्या आधीच्या पाण्याला आमचा कॉक उघडा. एवढंच ठरलं आणि पाच वर्षं ते चाललंय. जाताना मी टाकी रिकामी करून, घासून, झाकण घट्ट लावून जाते, म्हणजे त्यात शिळं पाणी साचत नाही. एक किल्ली अक्कांकडे असते. त्या महिन्यातून एकदा दार उघडतात, खिडक्या तासभर मोकळ्या ठेवतात, मेन स्विच लावून इन्व्हर्टर दिवसभर चार्ज करतात. त्यांच्या नातवाचं पहिलं पुस्तकांचं कपाट आमच्या रिकाम्या खोलीत आहे, तो परीक्षेच्या दिवसांत तिथं अभ्यासाला बसतो. मला ते फार आवडतं. घरात माणसाचा वावर राहतो. मालकांना हे आधी सांगितलं होतं, त्यांची हरकत नव्हती. तुम्हीही विचारून घ्या.

आता तो वास. कारण साधं आहे. नहाणीच्या जाळीखाली वाकडा ट्रॅप असतो, त्यात थोडं पाणी कायम साचलेलं असतं आणि तेच गटाराची हवा अडवून धरतं. आपल्या उन्हाळ्यात ते पाणी काही आठवड्यांत आटतं, मग वास आणि झुरळं दोन्ही वर येतात. निघायच्या दिवशी सगळं धुऊन झाल्यावर प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता आणि वरून अर्धी वाटी गोडेतेल. तेल पाण्यावर तरंगतं आणि पाणी लवकर उडू देत नाही. त्यावर जाड प्लॅस्टिक ठेवून वीट ठेवा. कमोडचंही तसंच, झाकण पाडून प्लॅस्टिक बांधायचं. तुमचे सात महिने आहेत, तेवढ्याला एकदा ओतलेलं पुरणार नाही. किल्ली ज्यांच्याकडे द्याल त्यांना महिन्याला तांब्या-तांब्या पाणी सोडायला सांगा.

फ्रीज रिकामा करून, पुसून, दार उघडं राहील असा टॉवेल अडकवून ठेवायचा. गॅसचा रेग्युलेटर काढून ठेवायचा. सामान घेताना प्लायवूडचं कपाट घेऊ नका. बंद घरात वाळवी लागली तर कुणाला कळणार? आम्ही लोखंडी कपाट आणि लोखंडी पलंगच घेतला. गादीवर जुनी सोलापुरी चादर घालून जातो, आल्यावर ती झटकली की खालची गादी स्वच्छ.

कागदपत्रांत एकच गोष्ट मला पटवून सांगायची आहे: अकरा महिन्यांचा करार करू नका. एजंट तोच पुढे करतात, पण तो कधी ना कधी नेमका तुम्ही जर्मनीत असताना संपेल आणि ऑनलाइन नोंदणीला आधारवरचा अंगठा लागतो. लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे घर ठरावीक मुदतीपुरतं वापरायला देण्याचा, करार 60 महिन्यांपर्यंत करता येतो. तीन वर्षांचा करा, दरवर्षीची भाडेवाढ आधीच लिहून घ्या आणि तुम्ही गावात असताना नोंदवा. दहा हजार भाडं धरलं तर तीन वर्षांचं मुद्रांक शुल्क हजाराच्या आसपास जातं, महापालिका हद्दीत नोंदणीचे आणखी हजार. करार लेखी आणि नोंदणीकृत असणं हे 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 नं बंधनकारक आहे, आणि नोंदवून घ्यायची जबाबदारी मालकावर आहे. भाडेकरूची माहिती पोलिसांकडेही द्यायची असते, ते त्याच आठवड्यात उरकून टाका.

करारात दोन ओळी जास्तीच्या घाला: भाडेकरू काही महिने परगावी असेल, आणि त्या काळात किल्ली अमुक व्यक्तीकडे राहील. या फ्लॅटआधीच्या आमच्या घरमालकांनी आम्ही नसताना न विचारता दार उघडून दुसऱ्या भाडेकरूला घर दाखवलं होतं. माझी लुगडी, यांची औषधं, देवघर, सगळं उघड्यावर. ते घर आम्ही सोडलं.

वीजबिल रिकाम्या घरालाही येतं, स्थिर आकार लागतोच. महावितरणकडे आगाऊ रक्कम भरून ठेवता येते, सात महिन्यांचा अंदाज घेऊन भरून टाका, म्हणजे थकबाकीवरून मीटर तोडायला कुणी येणार नाही. भारतातलं सिम वर्षभराच्या रिचार्जवर जिवंत ठेवा; बँकेचे ओटीपी त्याच्यावरच येतात, आणि नव्वद दिवस काहीच वापर नसेल तर नंबर हातातून जाऊ शकतो. तुम्ही अनिवासी आहात, तेव्हा जुनं बचत खातं तसंच चालवू नका, बँकेत जाऊन ते एनआरओ, म्हणजे अनिवासींचं रुपयातलं खातं, करून घ्या आणि भाडं त्यातूनच दर महिन्याला जाईल अशी सूचना देऊन ठेवा. आयकरासाठी वर्षातले किती दिवस भारतात झाले ते मोजून ठेवायला विसरू नका. 182 दिवस भरले की निवासी धरतात हे सगळ्यांना माहीत असतं, पण भारतातलं उत्पन्न मोठं असेल तर तो आकडा 120 वर येतो. भाडं किंवा व्याज येत असेल तर सीएला विचारा.

रुळण्याबद्दल एक सांगते. दोन्हीकडे लागणाऱ्या वस्तूंची ने-आण बंद करा. चष्मा, चार्जर, चपला, दाढीचं सामान, स्वेटर, सगळं इथं एक आणि तिथं एक. आमच्या बॅगेत आता येताना जवळजवळ काही नसतं, जाताना फक्त शेंगाचटणी आणि कडक भाकरी. बॅग उघडी पडलेली दिसत नाही तेव्हाच घरात आल्यासारखं वाटतं. आणि जमलं तर सुट्टीचे महिने असे धरा की संक्रांतीला तुम्ही गावात असाल. सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावर अक्षता पडताना नंदीध्वजांकडे बघत गर्दीत उभं राहिलात तर कुठल्या फ्लॅटमध्ये राहता याचा विचारही मनात येणार नाही. आम्ही त्यासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी इथंच असतो, नातवंडांना सांगून ठेवलंय.

गेल्या खेपेला आम्ही आलो तेव्हा टाकी भरलेली होती आणि ओट्यावर झाकलेल्या वाटीत विरजण होतं. अक्का देवदर्शनाला गेल्या होत्या, नातू सांगून गेला, "आज्जीनं सांगितलंय, दूध आणलं की लगेच लावा."

तुमच्याकडे अजून महिना आहे. आता पुढचं पाणी कधी आहे ते खालच्या मजल्यावर विचारा, त्या रात्री झोपू नका, गच्चीवर जा. बिल्डिंगमधलं निम्मं माणूस तिथं बॅटरी घेऊन उभं असेल. तुमचा कॉक कुठला ते विचारा आणि दुसऱ्याच्या टाकीचं झाकण धरायला हात लावा.