मोटरहोमचं छत: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

बाथरूमच्या व्हेंटभोवतीच्या सीलंटला भेगा पडल्या आहेत. जुनं सगळं खरवडून काढायचं, की त्यावरच नवं भरायचं?

आधी कडेला नख घालून पाहा. सीलंट उचकटत नसेल आणि भेगा वरवरच्या असतील, तर खरवडू नका. घट्ट बसलेला थर ओढून काढताना छताचा रबरी पडदा फाटतो आणि नसलेलं काम उभं राहतं. भाग साबणाच्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळू द्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. थिनर किंवा पेट्रोल नको, त्याने ईपीडीएम रबर (छताच्या पडद्याचा एक नेहमीचा प्रकार) फुगतं. त्यावर सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे आपोआप पसरून सपाट होणारं, लॅप सीलंट (सांध्यांवर वरून घालायचं सीलंट) सोडा: फ्लँजची, म्हणजे व्हेंटच्या छतावर टेकणाऱ्या सपाट पट्टीची, कड मधोमध धरून साधारण २५ मिमी रुंद, ५ मिमी जाड. स्क्रूचं प्रत्येक डोकं बुडालं पाहिजे. ३५ सेंमीच्या नेहमीच्या व्हेंटला ३०० मिलीची एक ट्यूब धरून चाला. हवा १० अंश सेल्सिअसच्या वर आणि कोरडी हवी. काही तासांत वर साय धरते, पण आतपर्यंत पक्कं व्हायला महिनाभरही लागतो. त्याआधी बोटाने दाबून बघण्याचा मोह आवरा.

सीलंट उचकटत असेल तर मात्र वरून भरून भागणार नाही. पाणी खरं अडवते ती फ्लँजखालची ब्युटाइल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबरी पट्टी. वरचं सीलंट ही दुसरी फळी. ही टेप वाळून कडक झाली, की वर कितीही थर चढवा, गळती थोड्या दिवसांत परत येते. हीट गनने हलकं गरम करून प्लास्टिकच्या पट्टीने सीलंट काढा, स्क्रू काढा, व्हेंट उचला आणि खालचं जुनं सगळं साफ करा. नवी टेप सलग लावा, टोकं एकमेकांवर चढवा. स्क्रू एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत न्या. ब्युटाइल हळूहळू दबतं, म्हणून तासाभराने पुन्हा एक फेरी मारा, बाहेर आलेलं कापा आणि मगच लॅप सीलंट घाला. स्क्रू नुसताच फिरत असेल तर भोक मोठं झालंय किंवा लाकूड कुजलंय. पहिल्यासाठी एक नंबर जाड स्क्रू पुरतो. दुसऱ्यासाठी छत उघडावं लागतं.

घरात साधं सिलिकॉन पडून आहे. तेच वापरलं तर?

नको. ईपीडीएम आणि टीपीओवर (छताच्या पडद्याचा दुसरा, प्लास्टिकसारखा प्रकार) ते नीट धरत नाही. शिवाय त्याचा तेलकट अंश मागे राहतो, त्यावर पुढे योग्य सीलंटही चिकटत नाही. आणखी एक: सेल्फ-लेव्हलिंग सीलंट फक्त आडव्या भागासाठी आहे. उभ्या कडांना न ओघळणारं, नॉन-सॅग सीलंट घ्या, नाहीतर ते भिंतीवरून खाली उतरतं.

पलंगावर पाणी ठिबकतं, पण बरोबर वर एकही जोड नाही. मग येतं कुठून?

पाणी शिरतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. ते प्लायवूड आणि इन्सुलेशनमधून उताराच्या दिशेने सरकतं, म्हणून चढाकडच्या बाजूने शोध सुरू करा: पुढच्या टोपीचा (गाडीच्या पुढच्या साच्यातल्या भागाचा) सांधा, मार्कर लाइट (छताच्या कडेचे छोटे दिवे), अँटेना, शिडीचे ब्रॅकेट, कोपऱ्याची पट्टी. एकजण आत टॉर्च घेऊन बसवा. दुसऱ्याने हलकी धार सोडावी, खालून वर, एकेका सांध्यावर दहा-दहा मिनिटं. सगळीकडे एकदम पाणी मारलंत तर हाती काहीच लागणार नाही.

याच वेळी तळहाताने छत दाबत जा. कुठे मऊ लागलं, तर तिथे सीलंट भरण्याची घाई नको. ओल आत कोंडली की लाकूड आणखी कुजतं. आधी वाळवा, कुजलेलं कापून बदला.

एसीच्या कडेने सीलंट फिरवावं का?

नाही, आणि हे बरेचजण करतात. छतावरच्या एसीखाली स्पंजाचं गॅस्केट असतं, ते आतून बोल्टने दाबलं जातं. एसीचं पाणी छतावरूनच वाहून जायचं असतं. कड बंद केली की ते तुंबतं आणि एसीसाठी छतात पाडलेल्या भोकावाटे आत उतरतं. गळत असेल तर बोल्ट तपासा. गॅस्केट साधारण १२-१३ मिमीपर्यंत दबलेलं असावं. फार आवळलं तर ते चपटं होऊन मरतं. तसं झालं असेल तर बदला.

पूर्ण छताला कोटिंग मारलं तर सांध्यांचं काम वाचेल?

वाचणार नाही. गाडी चालताना सांधे हलतात आणि पातळ कोटिंग नेमकं तिथेच तडकतं. आधी सांधे नीट करा, कोटिंग नंतर, तेही पडद्याच्या प्रकाराला चालणारं. पाणी साचत असेल तर ॲक्रिलिक टाळा. बाजूच्या भिंतींवर पांढरे ओघळ दिसतात ते बहुधा ईपीडीएमची झडणारी भुकटी. छत धुवा, तेवढं पुरे.

तपासणी किती वेळाने?

वर्षातून किमान दोनदा, शिवाय फांदी घासली असेल तर लगेच. वॉरंटीत याहून कमी मुदत दिली असेल तर तीच पाळा. वर चढाल तेव्हा छत कोरडं असू द्या, ओलं रबर भलतंच निसरडं होतं. आणि वजन पसरावं म्हणून गुडघ्याखाली प्लायवूडचा तुकडा घ्या.