चालून आल्यावर डोळ्यापुढे धुरकट, मग व्यायाम सोडू का?

प्रश्न: ताई, मला एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस आहे, वय ३४, राहते दांडिया बाजारात. औषधं चालू आहेत, तब्येत तशी बरी. एप्रिलात संध्याकाळी पाचला कमाटीबागेत चालायला गेले तर अर्ध्या तासात उजव्या डोळ्याने धुरकट दिसायला लागलं, पाय पण जड, घरी येऊन पंख्याखाली बसले आणि तासाभरात सगळं ठीक. तेव्हापासून सासूबाई म्हणतात बास झालं चालणं, आराम कर, आणि फिजिओ म्हणते व्यायाम सोडायचा नाही. कोणाचं ऐकू?
— एक वाचक, बडोदे

उत्तर: फिजिओचं ऐका, फक्त वेळ बदला, एप्रिलातले पाच म्हणजे बडोद्यात भर दुपारच हो! एमएसमध्ये मेंदू आणि पाठीच्या कण्यातल्या नसांवरचं मायलिन नावाचं आवरण खराब झालेलं असतं, तिथून संदेश कसाबसा जातो, आणि अंगातलं तापमान अर्धा डिग्री सेल्सिअस जरी वाढलं तरी तो अडकू शकतो, अंग थंड झालं की परत सुरळीत. म्हणजे त्या तासाभरात आजार वाढला नाही, नवीन इजा झाली नाही. विल्हेल्म उथॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञांनी १८९० मध्ये हेच नोंदवलं होतं, व्यायाम केला की पेशंटची नजर अंधुक होते म्हणून. पुढे एमआरआय नव्हता तेव्हा निदानासाठी पेशंटला चक्क गरम पाण्याच्या टबात बसवायचे, काय म्हणावं!

सासूबाईंवर रागवू नका, डॉक्टरसुद्धा कितीतरी वर्षं दमू नका, आराम करा हेच सांगायचे. मग १९९६ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाचा अभ्यास आला, त्यात एमएसच्या पेशंटनी १५ आठवडे, आठवड्यातून तीनदा, ४० मिनिटं हातापायांची सायकल मारली आणि त्यांचा दम वाढला, मधल्या काळात थकवाही कमी वाटला.

आता तुमचं. मे महिन्यात पहाटे चाला नाहीतर सरळ घरात, पंख्यासमोर सायकल. निघायच्या आधी गार पाण्याने अंघोळ, मानेवर ओला पंचा, आणि अर्धा तास सलग न करता दहा-दहा मिनिटांचे तुकडे, मध्ये बसायचं. आठवड्यातून दोनदा ताकदीचा व्यायाम पण हवा, त्याला जिम नको, भिंतीला टेकवलेल्या खुर्चीवरून हात न लावता उठायचं, बसायचं, दहा वेळा, सावकाश. बॅलन्सचे व्यायाम ओट्याला धरून करा, पडलात तर सगळंच राहील. आणि एक, सारखं बाथरूमला जावं लागतं म्हणून बऱ्याच जणी पाणीच कमी पितात, ते अजिबात करू नका, उन्हाळ्यात तर नाहीच.

डोळ्याचं मात्र न्यूरोलॉजिस्टच्या कानावर घालाच. अंग थंड होऊनही त्रास गेला नाही, २४ तास तसाच राहिला किंवा काही नवीनच सुरू झालं, तर तो रिलॅप्स, म्हणजे आजाराचा नवा झटका, असू शकतो, तेव्हा व्यायाम थांबवायचा, त्याच दिवशी फोन करायचा, आणि परत कधी सुरू करायचं ते डॉक्टरच सांगतील.