सेप्टिकचं झाकण उघडल्याशिवाय सही करू नकोस

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

ग्रीन कार्ड हातात आलं आणि लगेच आयोवातलं ते गावाबाहेरचं घर तुझ्या मनात भरलं, हे वाचून फार आनंद झाला. यूएसडीएच्या, म्हणजे अमेरिकेच्या कृषी खात्याच्या, हमीच्या गृहकर्जाला ग्रीन कार्ड चालतं, एच-१बी व्हिसा चालत नाही, म्हणजे थांबलीस ते बरंच केलंस.

पण ‘सरकारी हमी’ या शब्दांवर तू फार विसंबली आहेस, असं पत्रातून जाणवलं. अगं, ही हमी बँकेला आहे. तुझे हप्ते थकले, घर गेलं, तर कर्जाच्या ९० टक्क्यांपर्यंतचं नुकसान सरकार बँकेला भरून देतं. घर कसं निघेल, याची हमी तुला कोणीच देत नाही.

पैशाचं थोडक्यात सांगते. डाउन पेमेंट नाही, पण सुरुवातीला कर्जाच्या १ टक्का शुल्क आहे आणि पुढे शिल्लक मुदलावर दरवर्षी ०.३५ टक्के. दोन लाख डॉलरच्या कर्जाला आधी २,००० आणि पहिल्या वर्षी महिन्याला साधारण ५८ डॉलर. हे हप्त्यात धरून बघ. आणि भाऊ तुझ्याकडे राहणार असेल तर त्याचा पगारही मोजला जातो, कर्जावर त्याचं नाव असो वा नसो. घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांची कमाई त्या भागाच्या मध्यम उत्पन्नाच्या ११५ टक्क्यांच्या आत बसायला हवी. हे बँकेला पहिल्याच दिवशी सांग.

आता खरं बोलायचंय ते जमिनीखालचं, म्हणजे संडास-मोरीच्या सांडपाण्याच्या सेप्टिक टाकीचं. आम्ही घर घेतलं तेव्हा विकणारा म्हणाला, “सेप्टिक उत्तम आहे.” आम्ही मान डोलावली. पहिल्याच मार्चमध्ये बर्फ वितळलं आणि बेसमेंटच्या मोरीतून काळं पाणी वर आलं. तुझ्या काकांनी खणून बघितलं, तर टाकीचा पाइप सरळ शेजारच्या मक्याच्या शेतातल्या निचऱ्याच्या टाइलला, म्हणजे जमिनीखालच्या निचऱ्याच्या नळीला, जोडलेला! शोषखड्डा, चर, काहीच नव्हतं. वर्षानुवर्षं या घरची घाण कोणाच्या तरी ओढ्यात जात होती. पैसे गेले त्याहून मला त्याची लाज वाटली.

२००९ पासून आयोवात घर विकताना सेप्टिकची तपासणी कायद्याने लागते. पण जमीन गोठलेली असली तर ती पुढे ढकलण्याचा करारही करता येतो. विकणारा तसं म्हणाला तर ऐकू नकोस, थंडी संपेपर्यंत थांब. टाकी उपसताना स्वतः तिथे उभी राहा.

विहिरीचंही तसंच. चहूकडे मका, त्याला नत्रखत, आणि ते झिरपतं विहिरीत. नायट्रेट लिटरला १० मिलिग्रॅमच्या वर गेलं तर ते पाणी तान्ह्या बाळाच्या दुधात चालत नाही, बाळ निळं पडू शकतं. उकळून ते जात नाही, उलट आटून वाढतं. आपल्याकडच्या सवयीने तू पाणी उकळशीलच, म्हणून मुद्दाम लिहिते. कर्जासाठी पाण्याचा अहवाल बँक मागेलच, पण “पास झालं” एवढ्यावर समाधान मानू नकोस, आकडा माग. नऊ असेल तर मला तो पास वाटत नाही. बेसमेंटमधला रेडॉनही, म्हणजे जमिनीतून घरात येणारा किरणोत्सारी वायू, मोजून घे, आयोवात तो सगळीकडेच जास्त आहे.

आणि एक, बँकेने मंजुरी दिल्यावर फाइल मंजुरीसाठी यूएसडीएकडेही जाते. तिथे दिवस लागतात. आताचं भाड्याचं घर घाईने सोडू नकोस.

पाण्याचा अहवाल आला की आकडा लगेच कळव. टाकी कोणत्या दिवशी उघडणार तेही दोन दिवस आधी सांग. मी आणि काका गाडी काढून येतो.

तुझी,
काकू