संघटनेच्या पत्रावर सही केली तर माझी फाईल अडकेल का?

मी समुपदेशक, आणि हा प्रश्न मला डॉक्टर, सीए, इंजिनिअर सगळेच आपापल्या संघटनेबद्दल विचारतात, शब्द फक्त वेगळे. ज्या ऑफिसात रोज काम असतं त्याच ऑफिसच्या निर्णयावर संघटनेतर्फे बोट ठेवायचं, मग उद्या आपल्याला उभं कोण करणार?

एक आर्किटेक्ट बाई आल्या होत्या (तपशील बदललेत). तक्रार झोपेची. दोन सेशन झोप, चहा, मोबाईल यातच गेली आणि मग हळूच निघालं की शहराचा प्रारूप (म्हणजे अजून कच्चा) विकास आराखडा आलाय, त्यात एक बारा मीटरचा डीपी रोड, म्हणजे आराखड्यातला नियोजित रस्ता, चक्क ओढ्यावरून काढलाय, जुन्या गावनकाशात ओढा ठळक दिसतो, नवीन नकाशात गायब. त्यांच्या संघटनेची कमिटी हरकत टाकणार, आणि नकाशे यांनाच चांगले वाचता येतात म्हणून सगळे यांच्या मागे. घरी नवरा म्हणतो, आपल्याला काय करायचंय, तुझी जोता तपासणी महापालिकेतच पेंडिंग आहे ना? (जोता म्हणजे इमारतीचा पाया जमिनीवर आला की त्याची होणारी तपासणी.)

मी म्हटलं, हरकतींनी काही होतं असं वाटतं का तुम्हाला? त्या फटकन म्हणाल्या, "अहो मुंबईचा प्रारूप 2015 च्या फेब्रुवारीत आला आणि एवढी बोंब झाली की एप्रिलमध्ये सरकारने पुन्हा करायला सांगितला, ते मला पाठ आहे." म्हणजे माहिती होती, विश्वासही होता. अशा वेळी "घाबरू नका हो" म्हणणारा समुपदेशक मला स्वतःला आवडत नाही. भीती अगदीच हवेतली नसते, त्रास देणारे देतातही.

मग कागद घेतला. काय होईल, ते आधी कुणाला झालंय का, झालं तर काय करणार. "कुणाला झालंय" मध्ये एकच नाव आलं आणि त्या स्वतःच म्हणाल्या की त्याच्या फाईलला मोजणी नकाशाच नव्हता. "काय करणार" मध्ये जोते प्रमाणपत्र लोकसेवा हक्क कायद्यात (2015 चा) येतं, मुदत ठरलेली आहे, उशीर झाला तर अपील करता येतं, हे त्यांनीच लिहिलं. हरकत जाणार संघटनेच्या लेटरहेडवर, सही अध्यक्षांची, आवक-जावकला पोच घ्यायची. यांची सही कुठेच नाही!

तरी चेहरा तसाच. मी गप्प बसले. बऱ्याच वेळाने बोलल्या, त्या रस्त्याला लागूनच त्यांच्या एका क्लायंटचा प्लॉट आहे, रस्ता झाला तर त्याला फ्रंटेज, म्हणजे रस्त्याला लागून दर्शनी बाजू, मिळते आणि हरकतीने तो रस्ताच जाणार. क्लायंटला काय तोंड दाखवू, आणि कमिटीला नाही सांगितलं तर उद्या कळेलच. खरी झोप इथे उडाली होती, महापालिकेची भीती सांगायला सोपी म्हणून ती पुढे केलेली. मला हे फार वेळा दिसतं, साहेबाची भीती बोलता येते, आपल्याच माणसांसमोरचं अवघडलेपण नाही बोलता येत.

उपाय साधा होता पण करायला जड. कमिटीला प्लॉटचं आधी सांगायचं, मिनिट्समध्ये नोंदवून घ्यायचं, त्या एका रस्त्याचा मसुदा दुसऱ्याने करायचा, बाकीचे नकाशे यांनी तपासायचे. क्लायंटला फोन करायचा. तो फोन आम्ही इथे बसून दोनदा बोलून बघितला, पहिल्यांदा त्यांनी सहा वेळा सॉरी म्हटलं, मी म्हटलं सॉरी कशाबद्दल? ओढा तुम्ही खणलाय का? हसल्या. प्रत्यक्षात क्लायंट चिडला, दोन दिवस फोन उचलला नाही, मग काम चालू ठेवलं.

सुनावणी झाली, दहा मिनिटं मिळाली, संघटनेचे दोघं बोलले, या मागे फाईल धरून बसल्या. रस्त्याचा निकाल अजून नाही. जोता तपासणी झाली, थोडी उशिरा, पण त्यांच्याच शब्दात "नेहमीइतकीच उशिरा". झोप बरीच सुधारलीय. संघटनेने आता सेक्रेटरी व्हा म्हणून गळ घातली तर सरळ नाही म्हणाल्या, मुलाची दहावी आहे, नकाशे असतील तेव्हा बोलवा.