व्हिटॅमिन डीचे कोर्स झाले, पाय मात्र वाकडेच

प्रश्न : मुलगी साडेतीन वर्षांची, वजन १३ किलो. मुडदूस म्हणून व्हिटॅमिन डीचे दोन मोठे कोर्स झाले, पाय तसेच. कॅल्शियम ठीक, अल्कलाइन फॉस्फेटेज (हाडांच्या आजारात वाढणारं एन्झाइम) ८४०, फॉस्फरस २.७; त्यापुढे लॅबची खूण नाही. आता फॉस्फेटचं औषध दिवसातून पाच वेळा सांगितलंय. दुधातून दोनदाच दिलं तर? यजमानांचेही पाय वाकडे, उंची कमी. धाकट्या मुलालाही होईल का? – एक आई, सातारा

उत्तर : खूण नसण्याचं कारण, लॅबने मोठ्यांची मर्यादा (२.५ ते ४.५) छापली असणार. या वयात फॉस्फरस साधारण ४ ते ६ हवा, २.७ कमीच. वडिलांचे पाय बघता आनुवंशिक मुडदुसाची शंका रास्त आहे. त्याच्या नेहमीच्या प्रकारात एक्स गुणसूत्रावरच्या फेक्स जनुकात दोष असतो, एफजीएफ-२३ हे संप्रेरक वाढतं, मूत्रपिंड फॉस्फेट लघवीतून सोडून देतं आणि व्हिटॅमिन डीचं क्रियाशील रूपही पुरेसं बनवत नाही. साध्या डीने फरक पडला नाही तो म्हणूनच.

औषध दोनदा देऊन भागणार नाही. एका डोसने चढलेलं फॉस्फेट काही तासांत खाली येतं, आणि एकदम मोठा डोस दिला की जुलाब होतात. दिवसाला किलोमागे ४० मिलीग्रॅम धरले तर तिला ५२० लागतील. जूली या फॉस्फेटच्या द्रावणात मिलीलिटरला सुमारे ३० मिलीग्रॅम फॉस्फरस असतं, म्हणजे पाच वेळा, दर वेळी साधारण साडेतीन मिली. अचूक आकडा डॉक्टरांचाच. पाण्यातून द्या, दुधातून नको. दुधातलं कॅल्शियम त्याला धरून ठेवतं.

सोबत कॅल्सिट्रिऑल किंवा अल्फाकॅल्सिडॉल, म्हणजे क्रियाशील प्रकारचं व्हिटॅमिन डी, हवंच. नुसत्या फॉस्फेटने गळ्यातली पॅराथायरॉइड ग्रंथी चिडते आणि फॉस्फेट आणखी वाहून जातं. मात्र त्याआधी लघवीतलं कॅल्शियम तपासलंय ना, हे विचारा. एका दुर्मीळ प्रकारात ते मुळातच जास्त असतं. तिथे कॅल्सिट्रिऑलने नुकसान होतं, फॉस्फेट एकटंच देतात.

रक्तातला फॉस्फरस नॉर्मल आणायच्या नादाने डोस वाढवत नेऊ नका, मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं. अल्कलाइन फॉस्फेटेज उतरतंय का, उंची वाढतेय का, हे बघायचं. दर तीन महिन्यांनी कॅल्शियम, पीटीएच (पॅराथायरॉइडचं संप्रेरक) आणि लघवीतलं कॅल्शियम. अधूनमधून मूत्रपिंडांची सोनोग्राफी. दातांकडेही लक्ष असू द्या : कीड नसताना हिरडीत पू होतो.

बुरोसुमॅब हे इंजेक्शन एफजीएफ-२३ला थेट अडवतं. २०१८ मध्ये युरोप-अमेरिकेत मान्य झालं. मुलांना दर दोन आठवड्यांनी देतात, पण अतिशय महाग. ते सुरू करण्याच्या आठवडाभर आधी फॉस्फेट आणि कॅल्सिट्रिऑल बंद करावं लागतं. पाय सरळ करण्याच्या ऑपरेशनची घाई नको. हाड आतून मऊ असताना केलं तर पुन्हा वाकतं.

धाकट्याबद्दल : दोष वडिलांच्या एक्सवर असेल तर तो सगळ्या मुलींना जातो, मुलग्यांना नाही, कारण त्यांना वडिलांकडून वाय मिळतो. पण वडिलांकडून मुलाकडेही जाणारा एक विरळा प्रकार आहे. त्यामुळे यजमानांचा उपाशीपोटी फॉस्फरस आणि मुलीची जनुकतपासणी करून घ्या. तोवर बाळाचाही फॉस्फरस एकदा बघा, मर्यादा त्याच्या वयाची धरून.